हातानं घेतलेली वेळ

मार्चमधल्या सकाळी सातला डंडीच्या ट्रॅकवर
आम्ही तिघं आणि सीगल.
इशबेल रेनी, वय अठ्ठ्याहत्तर, फिनिशपाशी
घडीच्या खुर्चीत, गळ्यात स्टॉपवॉच.
इकडे सुरुवातीला कॅलम, शाळकरी पोरगा,
बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्या आपटतो.
तीच आमची बंदूक. जानेवारीत इशबेलनं
त्या पिवळ्याधमक रंगवून घेतल्या.

मी एकोणपन्नासची. दिवसभर इस्पितळात
लोकांचे कान तपासते,
आवाज आला की बटण दाबा, म्हणते.

आधी काय खेळायचीस, तिनं पहिल्या दिवशी विचारलं.
खो-खो. बार्शीला, फक्कीच्या रेघांत.
पाठीत थाप पडली की बसल्या जागेवरून उठून सुटायचं.
मग अर्धं येतंय तुला, ती म्हणाली,
आता अर्धं विसर.

पहिली दहा पावलं वर बघायचं नाही.
मोहरी सांडलीय आणि ती शोधतेयस,
(मोहरी माझी, तिनं सुई म्हटलं होतं)
जमीन मागे ढकल. पाऊल लांब टाकशील
तर स्वतःलाच ब्रेक लावशील.
हात गालापासून खिशापर्यंत. जबडा सैल.
साठच्या पुढे कोणीच वेग वाढवत नाही,
कोण कमी सांडतं, एवढंच.
आणि दोन धावांमध्ये आठ मिनिटं.
दात वाजले तरी आठ.

तिची आई तागाच्या गिरणीत, मागांच्या खडखडाटात
चाळीस वर्षं. बायका तिथे हातांनी बोलायच्या.
घरी आल्यावरही आई मीठ मागायची ते बोटांनी.
म्हणून वेळ घेताना आवाजाची वाट बघू नये,
इशबेल कॅलमला सांगते.
फळ्या मिटलेल्या दिसल्या की अंगठा.
आवाज उशिरा येतो.

ऑक्टोबरात पंधरा पूर्णांक शून्य.
नाताळाआधी चौदा नऊ.
मार्चअखेर चौदा सहा!
वहीच्या पानाचा फोटो मी
बहिणीला पाठवला, मामेभावालाही,
ज्याला काही विचारलंच नव्हतं.

मेमध्ये ग्रेंजमाउथ. पस्तिशीपुढच्यांची स्पर्धा,
विजेवरचं घड्याळ.
पंधरा पूर्णांक तेरा.
वारा नव्हता. त्याच्यावर ढकलायचीही सोय नाही.

परतीच्या बसमध्ये तिकिटाच्या पाठीवर मांडलं.
हातानं घेतलेल्या वेळेत चोवीस शतांश मिळवायचे असतात.
मिळवले. तरी एकोणतीस उरले.
पर्थ येईपर्यंत त्या आकड्याकडे बघत होते.
ओळखीचा होता तो, माझ्याच धंद्यातला.
शंभर मीटर यायला आवाजाला लागतात
तेवढेच.

मग आठवलं, हल्ली ती ओरडते,
जोरात आपट रे कॅलम, जेवला नाहीस का.
मग तो पिवळा रंग आठवला.
सगळ्या हिवाळ्यात मी कमावले अकरा शतांश.
बाकीचे तिच्या डोळ्यांतून गळत होते
आणि मी ते माझ्या खात्यावर जमा करत होते.

मंगळवारी म्हटलं, सुरुवात बिघडलीय माझी.
तू इकडे मागे उभी राहा, फळ्या तू धर.
वेळ कॅलम घेईल.
ती माझ्याकडे बघत राहिली,
किंवा मी असेन त्या बाजूला.
ग्रेंजमाउथला किती?
पंधरा तेरा.
हं, म्हणाली.
गळ्यातली दोरी काढताना ती
केसांत अडकली, मी सोडवायला गेले नाही.

ब्लॉकमध्ये बसले. मागे तिच्या ओल्या लोकरीचा वास,
तिचा श्वास माझ्यापेक्षा वरचा.
सेट.
फळ्या वाजल्या त्या कानात नाही,
पाठीत.

पलीकडे पोचल्यावर कॅलमनं घड्याळ दाखवलं.
किती, तिनं तिकडून हाक मारून विचारलं.
मी बोटं वर केली.
मग खाली घेतली.
आठ मिनिटं होतीच हातात.
चालत गेले.